मनाचे शास्त्र आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पापड-लोणच्यांवर बोलते, कोणी बचतगटावर. यंदा माझे नाव घातले गेले आणि विषय मीच निवडावा असे सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जी पुस्तके मी स्वतः वाचली त्यांविषयीच बोलावे हे बरे. ती पुस्तके म्हणजे अकरावीचे व बारावीचे मानसशास्त्र. माझ्या मुलीने दहावीनंतर कला शाखा घेतली व हा विषय मागितला, म्हणून ती घरात आली. बालभारतीने २०१९ साली अकरावीचे आणि २०२० साली बारावीचे नवे पुस्तक काढले, ती ही. चांगल्या मराठीत आहेत. दुपारी भांडी आवरली की मी ती घेऊन बसे. काही शब्द जड आहेत. तेथे मुलगी कामी आली.

मुलीने हा विषय घेतल्याचे आळीत कळले तेव्हा एक आजी ओट्यावर येऊन म्हणाल्या, “पागल लोकायचं शिकून पोरगी काय करन वं माय? नागपूरच्या पागलखान्यात नोकरी करन का?” मला हसू आले, पण त्यांचे बोलणे काही जगावेगळे नव्हते. पुष्कळांना असेच वाटते. वास्तविक वेडाचा भाग त्या पुस्तकांत थोडाच आहे. मेंदू कसा चालतो, आठवण कशी राहते, ताण कशाने येतो, बुद्धी म्हणजे काय, राग-लोभ कोठून येतात, हाच भाग मोठा. म्हणजे ज्या गोष्टींशी आपण बायका सकाळपासून रात्रीपर्यंत झटतो, त्याच.

या शास्त्राचे वयही फार नाही. जर्मनीत लायप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली पहिली प्रयोगशाळा काढली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा विभाग निघाला. त्याआधी मनाचा विचार नव्हता असे नव्हे, साधुसंतांनी तो केलाच होता. पण मोजून-मापून पाहण्याची रीत ही नवी.

आता एक उदाहरण देते. रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. पचनाच्या कामाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या ध्यानात आले की कुत्र्याला खाणे देण्याअगोदर ठराविक आवाज करीत गेले, तर पुढे नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते. मुलीने हे मोठ्या नवलाने सांगितले. सासूबाई दळण निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “त्यात काय? बादली वाजली की आपली म्हैस पान्हवते.” अगदी बरोबर! ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना हे ठाऊक आहे. फरक एवढाच की त्यांनी ते लिहून ठेवले आणि त्यातून पुढचा प्रश्न विचारला: हीच सवय मोडायची कशी?

दुसरी गोष्ट आठवणीची. एबिंगहाउस या जर्मन गृहस्थांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ साली छापले. पाठ केलेल्यातले पुष्कळसे पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटते, पुढे निसटणे मंदावते. आणि एकदम घोकण्यापेक्षा थोडे थोडे, दिवस सोडून म्हटले तर जास्त टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना चहा पाजून जागवणाऱ्या आयांनी हे जरूर ऐकावे.

बुद्धीच्या कसोटीचे प्रकरण मला सर्वांत आवडले. पॅरिसमध्ये बीने यांनी १९०५ साली पहिली कसोटी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते हे त्यांना स्वतःला मान्य नव्हते. पुढे डॉ. कामत यांनी त्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी बसविल्या; त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. आपल्याकडे मात्र पोराला एकदा ‘ढ’ म्हटले की बारशाच्या नावापेक्षा तेच नाव पक्के होते.

आता थोडे जड बोलते. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते आणि बाहेरची बाधा झाली म्हणून कितीतरी माणसांना नातेवाईक घेऊन येतात. त्यांत मनाच्या आजाराचे लोक असतात. कोणाच्या श्रद्धेला मी बोल लावणार नाही. नवस करावा, नारळ वाहावा. पण डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू नयेत, आणि चालू नसतील तर दवाखानाही दाखवावा. दुसरे दुःख सोयाबीन-कपाशीच्या शेतातले. कर्जापायी जीव देणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. २०१५ साली शासनाने ज्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला त्यांत बुलढाणा होता. आशाताई घरी येऊन झोप लागते का, कामात मन रमते का, असे विचारू लागल्या तर ‘हिला काय नसत्या चौकशा’ म्हणू नये. उदासी ओळखण्याचे ते प्रश्न असतात, हे मला या पुस्तकांनीच कळले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलण्याची सोयही झाली आहे.

मुलींच्या आयांसाठी कामाची गोष्ट सांगते. गोळ्या लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असावा लागतो. त्यासाठी विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र पाहिजे. मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर कलेतून बी.ए., एम.ए. करता येते, पुढे रुग्णांवर उपचार करायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण घेऊन नोंदणी करावी लागते. बारावीत हा विषय नव्हता म्हणून बी.ए.ला दार बंद होते असेही नाही. मग अकरावीत घ्यावा कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की आपल्या कितीतरी मुलींचे शिक्षण बारावीलाच थांबते. त्यांच्या पदरात पडायचे तर ते त्याआधीच पडले पाहिजे. संसाराला भूगोल लागतो तसे हेही लागते, किंबहुना जास्तच.

अडचण निराळीच आहे. जवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही चौकशी केली. विषय मंडळाच्या यादीत आहे, पण मुले थोडी म्हणून शिक्षक नाही, असे उत्तर मिळाले. आणि शिक्षक नाही म्हणून मुले विषय घेत नाहीत! आधी विहीर की आधी मोट, तसली गत. शेवटी मुलगी एस.टी.ने दुसऱ्या गावी जाते. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे म्हणून जमले. यजमानांना सुरुवातीला ते पसंत नव्हते; सासूबाईंनी बाजू घेतली.

दहावीला बसलेल्या मुली या आळीत बऱ्याच आहेत. ज्यांना हा विषय हवा असेल त्यांच्या आयांनी येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यावे. सर्वांच्या सह्यांचा अर्ज प्राचार्यांकडे न्यायचा आहे. दोन्ही पुस्तके मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. चार-चार दिवस घरी नेता येतील, मात्र तेलकट हात लावू नयेत. आणखी एक विनंती. मुलीला परीक्षेसाठी एक प्रकल्प करावयाचा आहे. ‘गृहिणींचा दिवस आणि त्यांचा ताण’ असा विषय तिने घेतला आहे. ती वीस प्रश्न विचारील. उत्तरे खरी द्यावीत. कोणाचेही नाव वहीत लिहिले जाणार नाही, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर ती पुन्हा येईल.