पतंगाची ओढ आणि पाण्याची पारख

मकर संक्रांतीच्या दिवशी सिल्वासा शहरातील गच्च्यांवर दृष्टी टाकली, तर वाऱ्याची जाण तेथे कोणालाच नवी नाही, हे सहज ध्यानात येते. कण्णी कशी बांधावी, ढील केव्हा द्यावी, गोता खाणारा पतंग कसा सावरावा, हे तेथील लहान मूलही जाणते. अशा गावच्या तरुणाला काइटसर्फिंग या खेळाचे आकर्षण वाटले, तर त्यात नवल नाही. मोठा पतंग कंबरपट्ट्याला अडकवायचा, पायांखाली एक आखूड फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून सरकत जायचे, असे या खेळाचे थोडक्यात वर्णन करता येईल. तथापि गच्चीवरचा पतंग आणि हा पतंग यांत एक मूलभूत भेद आहे. गच्चीवर माणूस पतंगाला ओढतो. येथे पतंग माणसाला ओढतो.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडमधील जॉर्ज पोकॉक या शिक्षकाने 1826 साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. सॅम्युएल कोडी याने 1903 साली पतंगाच्या ओढीवर चालणाऱ्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु पाण्यात पडलेला पतंग पुन्हा वर चढत नसे, ही अडचण कायम होती. फ्रान्समधील ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या बंधूंनी 1984 साली हवेने फुगवलेल्या कडेचा पतंग पेटंट करून ती दूर केली, आणि पुढील दीड दशकात हा खेळ जगभर पसरला. 2024 सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले व त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

खेळाची प्रतिष्ठा वाढली, म्हणून वाऱ्याचा स्वभाव बदलला नाही. प्रौढ माणसाचा पतंग साधारणपणे 9 ते 12 चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि त्याच्या दोऱ्या 20 ते 25 मीटर लांबीच्या असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग आज्ञाधारक वाटतो, तोच ताशी 40 किलोमीटरच्या झोतात माणसाला उचलून किनाऱ्यावरील झाडावर वा भिंतीवर आपटू शकतो. म्हणूनच नवशिक्याने कोणत्या पाण्यात उतरावे, हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. निष्णात पतंगस्वार आपल्या कौशल्यावर विसंबू शकतो. नवशिक्याला विसंबायला जागेवाचून दुसरे काही नसते.

सिल्वाशाच्या रहिवाशाची दृष्टी प्रथम दुधनीकडे वळणे स्वाभाविक आहे. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणाने अडवली गेली, आणि तिचा विस्तीर्ण जलाशय दुधनीच्या परिसरात पसरला. डोंगरांच्या कुशीतील हे पाणी नौकाविहाराला फार रमणीय आहे. पण जी गोष्ट नावेला सुखाची, तीच पतंगाला घातक ठरते. डोंगरावरून येणारा वारा एकसंध राहत नाही. तो तुटतो, फिरतो, क्षणभर पडतो आणि दुसऱ्या क्षणी झोताने येतो. शिवाय धरणाचे पाणी ऋतुमानाप्रमाणे चढते-उतरते. पतंग पसरण्यास व उतरवण्यास लागणारे सपाट, मोकळे पुळण तेथे नाही. शांत दिसणारे पाणी सुरक्षित असतेच, असे मानणे ही नवशिक्याची पहिली फसगत होय.

दमणगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले, की दमणचा समुद्र लागतो. 26 जानेवारी 2020 पासून सिल्वासा आणि दमण एकाच केंद्रशासित प्रदेशात मोडतात. तेव्हा हा समुद्र सिल्वाशाला परका नाही. तेथील दोन किनारे पाहिले, तरी जागेची पारख कशी करावी याचा धडा मिळतो. देवका किनाऱ्यावर खडक आहेत, आणि पाण्याखाली झाकलेला खडक उघड्या खडकाहून वाईट. जांपोरचा किनारा पुळणीचा, उथळ आणि ऐसपैस आहे, परंतु त्याच्या पाठीशी सुरूची झाडे उभी आहेत. खंबायतच्या आखाताच्या तोंडाजवळील या भागात भरती-ओहोटीतील अंतरही मोठे असते. ओहोटीला जेथे मैदान दिसते, तेथे भरतीला पाणी आणि झाडे यांच्यामध्ये फारशी जागा उरत नाही. सकाळी पाहिलेल्या किनाऱ्यावर संध्याकाळी भरवसा ठेवू नये, हे यावरून उमगते. नदीच्या मुखाशी तर भरती-ओहोटीचा प्रवाह इतका जोरात असतो, की नवशिक्याने तेथून दूर राहणेच शहाणपणाचे.

जागेइतकेच महत्त्व वाऱ्याच्या दिशेला आहे. खारे वारे आणि मतलई वारे यांची नावे शाळेच्या भूगोलात प्रत्येकाने वाचलेली असतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा किनाऱ्याजवळ सौम्य भासतो. पण पडलेल्या नवशिक्याला तो खोल समुद्रात नेतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा पडलेल्यास निदान जमिनीकडे आणतो. त्यातही वारा सरळ अंगावर येण्यापेक्षा किनाऱ्याला तिरका येणारा असावा, म्हणजे पतंग समोरच्या झाडा-माणसांवर न जाता पुळणीच्या कडेने खाली येतो. वेग ताशी 22 ते 33 किलोमीटरच्या दरम्यान व स्थिर असावा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर वारा भरपूर असतो, पण खवळलेला समुद्र आणि विजांचे ढग शिकणाऱ्यासाठी नाहीत.

या कसोट्यांना उतरणारी ठिकाणे आपल्या देशात आहेत. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजी आणि आश्वे येथील लांब पुळणीवर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर हा खेळ चालतो. तामिळनाडूत रामेश्वरच्या परिसरातील उथळ, सपाट पाण्यात तो शिकवला जातो. कमरेइतके पाणी, खाली वाळू आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मोकळी जागा, ही नवशिक्याची खरी पाठशाळा. मात्र मोरजीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांच्यासाठी राखलेल्या वाळूवर पतंग पसरणे म्हणजे यजमानाच्या देवघरात जोड्यांसकट शिरणे होय.

येथून शिष्टाचाराचा विषय सुरू होतो. किनारा पतंगस्वाराच्या मालकीचा नसतो. त्याच्या आधीपासून तेथे कोळ्यांची जाळी सुकत असतात आणि मुले वाळूत खेळत असतात. ताणलेली दोरी पातळ असते, दुरून दिसत नाही, आणि लागली तर कापते. म्हणून दोऱ्या कोणाच्या वाटेत पसरू नयेत, काम संपताच गुंडाळाव्यात, आणि जमिनीवरच्या पतंगावर वाळूचे वजन ठेवावे. मदतनीस व पतंगस्वार या दोघांनी अंगठा वर करून संमती दिल्याशिवाय पतंग उडवू नये. उतरवताना मदत हवी असल्यास डोक्यावर थापटून खूण करावी, आणि ती खूण दिसताच जवळच्याने हातातले काम टाकून धावावे.

पाण्यातही मार्गाचे नियम आहेत. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला बाहेर येणाऱ्याने वाट द्यावी, कारण पुळणीवर पतंग धरून ताटकळणे अधिक धोक्याचे. दोघे समोरासमोर आले, तर ज्याचा उजवा हात पुढे त्याचा मार्ग पहिला. दुसऱ्याने बाजू द्यावी. एकमेकांना ओलांडताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने आपला पतंग उंच ठेवावा, खालच्या अंगाला असलेल्याने खाली, म्हणजे दोऱ्या गुंतत नाहीत. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्यास जपावे. आणि नवशिका दिसला, की त्याचा हक्क असो वा नसो, त्याला दुप्पट जागा सोडावी. कारण आपण कोठे जाणार, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

या नियमांचे मोल काय, हे संक्रांतीच्या मांजाने पुरेसे शिकवले आहे. मौजेसाठी आणलेल्या धाग्याने पक्ष्यांचे पंख कापले, दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे चिरले. अखेर 11 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घालावी लागली. जेथे खेळणारे स्वतःला आवर घालत नाहीत, तेथे कायदा आवर घालतो. एका बेफिकीर पतंगस्वाराने एखाद्या मुलाला जखमी केले, तर तो किनारा सर्वांनाच बंद होण्यास वेळ लागणार नाही, आणि जखम तर बंदीने भरून येत नाही.

मग समुद्रापासून दूर राहणाऱ्या सिल्वाशाच्या तरुणाने काय करावे? त्याने प्रथम उत्तम पोहणे शिकावे. नंतर दोन-तीन चौरस मीटरचा छोटा सरावाचा पतंग घेऊन, विजेच्या तारा, झाडे व रहदारी यांपासून दूर असलेल्या मोकळ्या मैदानावर हात बसवावा. वाऱ्याची दिशा आणि झोत ओळखण्याचे निम्मे शिक्षण कोरड्या जमिनीवर होते. त्यानंतर जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली, शिरस्त्राण व तरंगता जाकीट घालून उथळ पाण्यात उतरावे, आणि पतंग तत्क्षणी निकामी करणारी सुटका-कळ डोळे मिटूनही हाताला सापडेल इतकी तिची सवय करावी. फळीवर उभे राहण्याआधी, फळी हरवल्यास पतंगाच्या ओढीने पाण्यातून किनाऱ्याला परत कसे यावे, हे शिकावे.

एवढे करूनही एखादे दिवशी किनाऱ्यावर पोचल्यावर वारा जमिनीकडून येत असेल, गर्दी दाटली असेल वा ढग भरून आले असतील. त्या दिवशी पतंग पिशवीतून न काढता घरी परतणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. तो या विद्येतील सर्वांत अवघड धडा शिकला, असे खुशाल समजावे.