चाकांवरचें बिऱ्हाड

दसरा-दिवाळी आटोपली, कीं परळी वैजनाथच्या परिसरांतून ऊसतोड्यांचीं बिऱ्हाडें हलूं लागतात. ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या. त्यांत चूल, ज्वारीचीं पोतीं, पांघरुणें, कोपीचे बांबू, आणि या साऱ्यावर निजलेलीं लेंकरें! पांचसहा महिन्यांचा संसार तो एवढाच.

तो लादण्यांतहि शहाणपण हवें. जड पोतीं तळाशीं ठेवावींत. ट्रॉल्यांच्या जोडखिळी निघण्यापूर्वीं तपासाव्यात. पाठीमागें तांबडे परावर्तक लावावेत. लेंकरांना मात्र सामानावर बसवूं नये. त्यांच्यासाठीं निराळें वाहन हवें, आणि त्याचा खर्च उचल देणाऱ्यानें सोसावा.

कारखान्याच्या रानांत कोपी उभी राहिली, कीं प्रश्न येतो अंधाराचा. परळीचें औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालीं सुरू झालें. त्याच मुलखांतल्या माणसांनीं चिमणीच्या धुरांत रात्र काढावी, हें आपणांस शोभत नाहीं. १० वॉटची सौर पाटी दक्षिणेकडे कलती ठेवली, तर दिवसभराच्या उन्हांत बॅटरी भरते आणि ३ वॉटचा दिवा रात्रभर चालतो. मग पहांटे भाकरी थापणाऱ्या माउलीला पायाजवळचा विंचू दिसेल, आणि तिच्या लेंकराला पाटीवरचें अक्षर.