आट्यांच्या सळईचे बॅटरीवरील कटर : वापर व निगा

(म्हसळा येथे बागायतदार व पशुपालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागांबद्दल पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. आज मी गोठ्याच्या छपराबद्दल बोलणार आहे, आणि तेही छप्पर धरून ठेवणाऱ्या एका लहानशा वस्तूबद्दल. कृषिविद्येच्या व्याख्यात्याने नट-बोल्टावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण छप्पर उडून वैरण भिजली की पुढचा सगळा प्रश्न आमच्याच विषयात येऊन पडतो.

वादळानंतर अनेकांनी कौले काढून पत्रे घातले. कौल जड असते. वाऱ्याने दहा-वीस कौले गेली तरी बाकीचे छप्पर जागेवर राहते. पत्रा हलका असतो. वारा एकदा खालून शिरला की सबंध छप्पर उचलून नेतो. म्हणून पत्र्याचे छप्पर खांबाला आणि तुळईला आरपार बांधून घ्यावे लागते. त्यासाठी आट्यांची सळई वापरतात. दुकानात तिला थ्रेडेड रॉड म्हणतात. ती मीटरच्या लांबीत मिळते व हवी तेवढी कापून दोन्ही टोकांना वायसर आणि नट लावता येतो. हे बांधकाम किती टिकेल हे त्या कापलेल्या टोकावर बरेच अवलंबून असते, कारण टोकाचे आटे दबले तर नट पुढे सरकत नाही. मग गडी दोन-तीन आट्यांवर नट अडकवून ‘बसला’ म्हणतो. असा अर्धवट बसलेला नट शांत दिवसांत काहीच त्रास देत नाही, वादळात मात्र तोच प्रथम सुटतो.

सळई कापण्याच्या तीन रीती आहेत. हात-करवतीने कापणे स्वस्त पडते. त्यात एक युक्ती लक्षात ठेवावी: कापण्यापूर्वी सळईवर एक नट चढवून ठेवावा, कापून टोक कानसावे आणि तो नट उलटा फिरवून बाहेर काढावा. बाहेर येताना तो दबलेले आटे सरळ करतो. दुसरी रीत ग्राइंडरची. काम झपाट्याने होते, पण ठिणग्या लांबवर उडतात आणि पेंढ्यात पडलेली ठिणगी तासाभराने पेट घेऊ शकते. ज्या गोठ्याच्या माळ्यावर पेंढा किंवा गवत आहे तेथे ग्राइंडर चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सळया बाहेर अंगणात कापून आणाव्यात.

तिसरी रीत बॅटरीवर चालणाऱ्या कटरची. या यंत्रात दोन पाती असतात, एक स्थिर आणि एक सरकणारे. दोन्ही पात्यांच्या तोंडावर सळईसारखेच आटे कोरलेले असतात. सळई त्या आट्यांत बसते, मोटर सरकते पाते पुढे रेटते आणि सळई कातरली जाते. यात ठिणगी उडत नाही, कीस पडत नाही आणि नट थेट हाताने चढतो. वीज नसली तरी काम अडत नाही. निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सर्वांत अधिक घोटाळा पात्याच्या मापात होतो, म्हणून तेथे थोडे थांबतो. आपल्या बाजारात सळया दोन मापांत मिळतात. एक मिलिमीटरची, दुसरी सुताची. १० मि.मी. आणि ३ सूत या दोन सळया नजरेला सारख्याच दिसतात. ३ सूत म्हणजे साडेनऊ मि.मी. आहे, पण खरा फरक जाडीपेक्षा आट्यांत आहे. १० मि.मी.च्या नेहमीच्या सळईचे आटे दीड-दीड मि.मी.वर असतात, तर ३ सुती सळईवर इंचाला १६ आटे असतात. १० मि.मी.च्या पात्यात ३ सुती सळई घातली की आटे एकमेकांत बसत नाहीत. यंत्र सळई कापते, पण टोक चेचून टाकते, आणि पात्याचे दातही तुटतात. ओळखायची सोपी रीत अशी: सळईवर मोजपट्टी धरून १६ आटे मोजावेत. २४ मि.मी. भरले तर सळई १० मि.मी.ची, २५ च्या थोडे वर भरले तर ३ सुती. खरेदी करतानाच सळई, नट आणि पाते एकाच मापाचे आहेत हे पाहावे. दोन्ही मापांच्या सळया एकाच पोत्यात कधीही ठेवू नयेत.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ज्या धातूची व जाडीची परवानगी आहे तेवढीच सळई कापावी. स्लॅबची टॉर सळई, जास्त ताकदीचे कडक बोल्ट किंवा साखळीची कडी यात घालू नये. पाते तडकते आणि त्याचा तुकडा तोंडाकडे येऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाते बदलताना, साफ करताना किंवा अडकलेली सळई सोडवताना आधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. हे यंत्र सळई ज्या जोराने कातरते त्याच जोराने बोट कातरेल, आणि येथून मोठे रुग्णालय किती दूर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरा गडी सळई धरणार असेल तर त्याचा हात पात्यापासून निदान वीतभर दूर असावा, आणि बटण दाबणाऱ्याने त्याला सांगूनच दाबावे. दोन-चार आट्यांएवढाच तुकडा काढायचा असेल तर कटर लावू नये, तो उडतो. तेथे करवत बरी.

छपराखाली उभे राहून लोंबती सळई कापताना शिडी पक्क्या जमिनीवर टेकवावी, खाली जनावर अथवा माणूस नसावे. पडलेले तुकडे मोजून गोळा करावेत. जनावरे वैरणीबरोबर खिळे, तारा गिळतात. टोकदार लोखंड पोटाच्या कप्प्यातून पडदा भेदून थेट हृदयापर्यंत जाते. जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून गव्हाणीभोवती फिरवावे. सळईच्या तुकड्यांबरोबर सुताराचे खिळेही निघतील.

आता निगा. आपल्याकडे खाडीचे खारे वारे आणि तीन हजार मि.मी.हून अधिक पाऊस, त्यामुळे घाटावरच्यापेक्षा येथे यंत्र लवकर गंजते. काम संपल्यावर पाती ब्रशने झाडून तेलाचा एक थेंब लावावा, यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे, पाण्याने धुऊ नये. पात्याला तडा किंवा तुटका दात दिसला तर दोन्ही पाती बदलावीत. अनेक यंत्रांत पाते उलटून दुसरी धार वापरता येते, ते पुस्तिकेत पाहावे. यंत्र पेटीत ठेवावे व पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

बॅटरी लिथियम-आयनची असते. ती तिच्याच चार्जरवर, मोकळ्या फरशीवर, पेंढ्यापासून दूर आणि कोणी जागे असताना चार्ज करावी. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत ठेवू नये. खिळ्यांच्या डब्यात टाकू नये, दोन टोके जुळून ती पेटते. फुगलेली, फुटलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी. पावसाळाभर काम नसेल तर अर्धी भरून ठेवावी आणि दोन महिन्यांनी पाहावी. निकामी बॅटरी उकिरड्यावर जाऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, विक्रेत्याकडे तशी मागणी करावी.

एका गोठ्यासाठी हे यंत्र विकत घेऊ नये असे मी म्हणेन. वीस-पंचवीस टोके करवतीने एका दुपारी होतात. गटाकडे किंवा अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राकडे एक यंत्र असणे पुरेसे आहे, मात्र ते कोणाच्या ताब्यात राहील आणि पात्यांचा खर्च कोण करील हे आधी ठरवावे.

शेवटची गोष्ट टोकाची. सळईवर जस्ताचा मुलामा असतो, पण कापलेल्या जागी उघडे लोखंड दिसते व तेथून पहिल्याच पावसात तांबेरा धरतो. कापल्याबरोबर टोकाला जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसतील इतकी सळई ठेवावी. आणि दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला, वैरण माळ्यावर चढवण्याआधी, प्रत्येक नटाला एकदा पाना लावून पाहावा; वैरण भरल्यावर वरच्या नटांपर्यंत हात पोहोचत नाही.