पेट्रोलच्या काट्याचा दोष कसा शोधावा

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलचा काटा चुकू लागला, तर डॅशबोर्डवरचा गेज लगेच बदलू नये. दोष गेजमध्येच असेल असे नाही. तो टाकीत, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्येही असू शकतो. म्हणून तपासणी क्रमाने करावी.

१९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीत, १९६५ पासूनच्या मॉडेलांत, गेज उष्णतेवर चालतो. चावी फिरवली की वीज फ्यूजमधून स्टॅबिलायझरकडे जाते. तिथे बारा व्होल्टचा दाब सरासरी दहा व्होल्टवर येतो. पुढे वीज गेजमधून आणि हिरव्या-काळ्या वायरने टाकीतल्या, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या सेंडरपर्यंत जाऊन बॉडीला मिळते. गेजमधली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. टाकी भरलेली असताना सेंडरचा रोध कमी असतो, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि काटा वर चढतो. यावरून दोन खुणा मिळतात. मार्ग कुठे तुटला तर काटा रिकाम्यावरच राहतो. सेंडरची वायर बॉडीला टेकली तर तो भरलेल्यावर जातो.

काटा हलतच नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. मग चावी बंद असताना सेंडरची वायर काढून बॉडीच्या स्वच्छ धातूला घट्ट जोडावी आणि त्यानंतरच चावी चालू करावी. उलट क्रमाने केल्यास टाकीजवळ ठिणगी पडण्याचा धोका असतो. काटा सावकाश चढतो. तो पूर्ण वर पोचताच चावी बंद करावी. काटा चढला तर गेज आणि वायर ठीक आहेत, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. चढला नाही तर हीच चाचणी गेजच्या मागे, हिरव्या-काळ्या वायरच्या टोकावर करावी. तिथे चढला तर मधली वायर तुटली आहे. तिथेही नाही चढला तर स्टॅबिलायझरकडून वीज येते का ते पाहावे; येत असेल तर गेजच निकामी आहे.

काटा नेहमीच जास्त दाखवत असेल तर स्टॅबिलायझरचे अर्थिंग तपासावे. ते सुटले की दाब कमी होत नाही आणि गेजला पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. काटा कायम कमी दाखवत असेल तर सेंडरचे गंजलेले जोड घासून स्वच्छ करावेत.

सेंडर काढायचा असेल तर काम उघड्या, हवेशीर जागेत करावे. बॅटरीची वायर सोडावी आणि सेंडर टाकीच्या बाजूला बसवलेला असल्याने पेट्रोल त्याच्या पातळीखाली उतरवावे. अडकवणारी रिंग फिरवण्यासाठी लाकडी किंवा पितळी ठोकणी वापरावी, पोलादी नको. बाहेर काढलेला फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे. मग मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू वरखाली करावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा तुटला तर आतली तार झिजली आहे आणि सेंडर बदलणेच योग्य. तो बसवताना रबरी रिंग नवीच घालावी आणि गळती नाही याची खात्री करावी.

शेवटी जवळजवळ रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर पेट्रोल मोजून घालावे आणि प्रत्येक वेळी काटा कुठे स्थिरावतो ते लिहून ठेवावे. दुरुस्ती नीट झाली का, हे या नोंदीवरूनच कळते.