पूल कोणाचा?

ओढा ओलांडतांना पूल कोणाचा, हा प्रश्न कोणास पडत नाहीं. पूल कोसळला म्हणजे पडतो. महाराष्ट्रांत राज्यमार्ग व प्रमुख जिल्हामार्ग यांवरील पूल सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हामार्ग व ग्रामीण मार्ग यांवरील पूल जिल्हा परिषदेकडे असतात. रस्त्याचा जो धनी, तोच पुलाचा. मात्र एवढ्यानें पूल सुरक्षित होत नाहीं. १५ जून २०२५ रोजीं मावळांतील कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखालीं कोसळला व चौघे मृत्युमुखीं पडले. धोक्याचा फलक होता. वाट मात्र मोकळी होती. नोंदवहींत नांव असणें ही मालकी नव्हे. पावसाळ्यापूर्वीं पूल तपासणें व संशय येतांच तो बंद करणें, हेंच धनीपण होय. म्हणून प्रत्येक पुलावर धन्याचें नांव व शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असावी.