जुन्या खुर्चीची घडण



जुन्या खुर्च्यांविषयी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण थोडे. जे शिकलो ते कारखान्यांच्या दारांत आणि सार्वजनिक वाचनालयांत. पण खुर्ची ही कोणाच्या तरी हातची वस्तू आहे, आणि हाताच्या कामाविषयी बोलणे हा आमचा नित्याचाच व्यवसाय आहे.

खुर्ची आपल्या घरची मूळची नव्हे. जेवायला पाट, पाहुण्याला घोंगडी, वाड्यात लोड-तक्के आणि झोपाळा, अशी आपली बैठक. खुर्ची आली ती सत्तेबरोबर. 'खुर्ची' हा शब्दही अरबी-फारसीतून आलेला. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात 'कुर्सीनशीन' अशी पदवीच होती. साहेबापुढे खुर्चीवर बसण्याची मुभा ज्याला असे, त्याला तसा लेखी दाखला मिळे! आपला जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथल्या कचेरीतही खुर्ची अंमलदाराची आणि जमीन रयतेची, हाच रिवाज. म्हणून 'खुर्ची' म्हटले की आजही आपल्याला आधी अधिकार आठवतो, आणि लाकूड मागाहून.

आज मात्र आधी लाकडाकडे पाहू. जुनी सागवानी खुर्ची उलटी करून पाहा. तिचे सौंदर्य बरेचसे खालच्या अंगाला आहे. मागचा पाय आणि पाठीचा खांब एकाच लाकडातून काढलेला असतो. बैठकीच्या वर तो मागे झुकतो, म्हणून पाठीला आराम मिळतो. खाली तोही किंचित मागे जातो, म्हणून रेलले तरी खुर्ची उलटत नाही. एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला कुसू करून सांधा बसविलेला असतो. चांगल्या सुताराच्या सांध्यात खिळ्याची गरज पडत नाही. मनुष्य खुर्चीत नुसता बसत नाही. तो रेलतो, सरकतो, उठताना हातांवर भार देतो. हे सारे ओढाताणीचे बळ त्या सांध्यांनी सोसायचे असते.

आता बैठक पाहा. वेताच्या पट्ट्या प्रथम उभ्या, मग आडव्या, मग दोन्ही तिरप्या दिशांनी ओवितात, तेव्हा ती अष्टकोनी छिद्रांची जाळी तयार होते. ही नुसती शोभा नव्हे. ती अंगाच्या भाराने थोडी लवते आणि तिच्यातून वारा खेळतो. धाराशिवच्या वैशाखात स्पंजाच्या गादीवर तासभर बसावे आणि मग वेताच्या खुर्चीवर बसावे, म्हणजे वेगळे व्याख्यान नको. डाकबंगल्यातील लांब हातांच्या आरामखुर्चीतही हीच युक्ती आहे. तिच्या हातांखालून फळ्या बाहेर फिरतात आणि त्यांवर पाय पसरता येतात. अर्थात पाय पसरणारा साहेब असे, आणि पंख्याची दोरी ओढणारा खाली बसलेला असे, हेही त्या चित्रातून पुसू नये.

जाळी फाटली तर खुर्ची मेली असे होत नाही. जुना वेत काढावा, छिद्रे साफ करावी, नवा ओवावा. हे काम अंध बांधवांना शिकविण्याची परंपरा आपल्या देशात आहे. बोटांना छिद्र सापडले म्हणजे डोळ्यांवाचून अडत नाही. साच्यातून निघालेली प्लॅस्टिकची खुर्ची मात्र एकदा तडकली की संपली. तिची निंदा आम्ही करीत नाही. लग्नमांडवात आणि ग्रामसभेत गरिबाला जमिनीवरून उचलून बरोबरीने बसविले ते तिने. पण तिची दुरुस्ती नाही, आणि म्हणून तिच्यामागे दुरुस्ती करणारा कारागीरही उरत नाही.

यंत्राची खुर्ची म्हणजे निकृष्ट, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोलाकार पाठीच्या खुर्च्या आपण पाहिल्या असतील. त्या घाटाची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट याने 1859 साली काढली. बीचचे लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवावयाचे, ही त्याची कला. खुर्चीचे तुकडे सहा, स्क्रू दहा, नट दोन. छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटरच्या पेटीत मावत, आणि ती पेटी आगबोटीने जगभर जाई. स्वस्त, हलकी, जोडता येणारी आणि दुरुस्त होणारी अशी ती होती. कारखान्यातूनही देखणे काम निघते, याचा हा पुरावा होय.

आता मोलाची गोष्ट. 1950 नंतर चंदीगड शहर उभारले गेले. तेथील कचेऱ्यांसाठी पिएर जान्नरे या स्थापतीने साग आणि वेताच्या खुर्च्या योजिल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, गच्चीवर व आवारात ढीग लागले, आणि भंगाराच्या लिलावात चिल्लर किमतीला गेल्या. त्याच खुर्च्या युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या, तेव्हा आपण जागे झालो. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या विकण्यास व परदेशी नेण्यास मनाई केली. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने त्या वाचत नव्हत्या, कारण तेथे सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे. जान्नरेचे नाव आज जगाला ठाऊक आहे. ज्या सुतारांनी ते पाय तासले आणि ज्या हातांनी तो वेत ओविला, त्यांतील बहुतेकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. किंमत वाढली तिचा एक पैसाही त्यांच्या घरी गेला नाही.

म्हणून या सभेपुढे आम्ही दोन मागण्या ठेवितो. आपल्या जिल्ह्यातील कचेऱ्या, शाळा, वाचनालये यांच्या अडगळीत अशा खुर्च्या आढळल्या, तर वजनावर विकण्यापूर्वी एकदा उलट्या करून पाहाव्यात. सांधे घट्ट असतील तर वेत भरून घ्यावा आणि त्या कामाची पुरी मजुरी द्यावी. कारागीर टिकतो तो कामाने. सत्काराच्या नारळाने नव्हे.

दुसरी मागणी बसण्याची. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला विसाव्याच्या वेळी बसण्याची सोय असावी, असे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याचे 44 वे कलम सांगत असे. केरळात कापडदुकानांतील बायांनी दिवसभर उभे राहण्याविरुद्ध लढा दिला. 2018 साली तेथे दुकानांतील नोकरांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आला, आणि 2021 साली तमिळनाडूनेही तसेच केले. आपल्या बाजारपेठेत साडीच्या घड्या उलगडून दाखविणाऱ्या मुलीच्या मागे एखादे स्टूल आहे की नाही, हे आपण उद्या खरेदीला जाल तेव्हा पाहावे, आणि नसेल तर दुकानदाराला विचारावे. गिऱ्हाईकाने विचारलेले त्याला लवकर ऐकू येते.