मालकाची वही आणि कामगाराचे पासबुक
(कोपर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वकील नाही, बँकेतला कारकून आहे. म्हणून कलमे सांगण्यापेक्षा काउंटरवर जे पाहिले ते सांगतो.

आपले वडील गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबले. आज आपली मुले कोपर-डोंबिवलीत फॅब्रिकेशनची शेड, शिलाईचे युनिट, पोळी-भाजी केंद्र चालवतात. याचा अभिमान वाटतो. पण मालक झालो की कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडे येते, हे आपण विसरतो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे गावाकडचा एक मुलगा सहा वर्षे कामाला होता. पगार रोख, अधूनमधून उचल, सगळे तोंडी. एके दिवशी खटका उडाला. मुलाने थकलेल्या पगाराची तक्रार केली. गृहस्थ माझ्याकडे धावत आले, "साहेब, पैसे दिलेत हो, बँकेतून काढल्याची नोंद द्या." मी खातेउतारा दिला. त्यात पैसे काढल्याचे होते, कोणाला दिले ते नव्हते. शेवटी त्यांना पुन्हा पैसे मोजावे लागले. पैशापेक्षा वाईट म्हणजे गावातले एक घर कायमचे तुटले.

आणखी एक सांगायला हवे. तोच मुलगा वर्षभर आधी कर्जासाठी आला होता. पगाराचा पुरावा नाही म्हणून मीच त्याला परत पाठवले होते. एका वहीअभावी दोघेही बुडाले.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, किमान वेतनापेक्षा कमी पगार "तो स्वतःच कबूल झाला होता" असे म्हणून चालत नाही. तसा करार कायद्यापुढे टिकत नाही. दुसरी, दहावा माणूस. दहा माणसे झाली की राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी लागू होते, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. एकदा लागू झालेली ग्रॅच्युइटी माणसे कमी केली म्हणून सुटत नाही. हिशेब साधा आहे. शेवटचा पगार १३,००० आणि नोकरी सहा वर्षे असेल, तर त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग सहाने गुणा. ४५,००० रुपये होतात. दर महिन्याला थोडे बाजूला काढले तर जड जात नाही, एकदम द्यायचे म्हटले की कर्ज काढावे लागते.

तिसरी, माणूस काम सोडो किंवा आपण काढो, त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. रागाने अडवून ठेवलेला पगारच पुढे तक्रार होऊन येतो. चौथी, अपघात. ज्यांना राज्य विमा लागू नाही, त्यांच्या कामावरील अपघाताची भरपाई मालकावर येते. वेल्डिंगचे, यंत्राचे काम असेल तर विमा कंपनीची पॉलिसी घ्याच.

बंधूंनो, बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच एप्रिल १९४६ मध्ये मांडले. त्याचा १९४८ मध्ये कायदा झाला. आता त्याची जागा वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. नाव बदलले, पण कष्टाचा दाम ठरलेला असावा हे तत्त्व तेच आहे. आपल्या वडिलांना ज्या कायद्याने आधार दिला, त्यालाच आपण मालकाच्या खुर्चीत बसून कटकट म्हणायचे काय?

फार काही करायचे नाही. कामावर घेताना नेमणुकीचा एक कागद द्या. हजेरी आणि उचल वहीत लिहून सही घ्या. दर महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार त्याच्या खात्यात भरा. खाते नसेल तर त्याला आधी बँकेत घेऊन या, फॉर्म भरून द्यायला मी आहे.